दोरी ओढणारा हात

सुरुवात स्वयंपाकघरातून करू या. पोळपाटाशेजारी पडलेलं लाटणं हातात घ्या आणि तळहाताखाली नुसतं फिरवून बघा. मधे जरासं फुगीर, टोकांकडे निमुळतं, आणि कुठेही गचका न देता फिरणारं. तेच लाटणं एखाद्या हौशी माणसाने रंधा मारून केलेलं असलं, तर पोळी एका बाजूला जाड राहते आणि घरात बोलणी बसतात. चांगलं लाटणं नीट फिरतं, कारण ते जन्मतःच फिरत फिरत घडलेलं असतं. ते तासलेलं नसतं, कातलेलं असतं.

लाटणं, रवी, भोवरा, पाळण्याचे खांब, खाटेचे पाय, बुद्धिबळातली प्यादी, हुक्क्याची नळी, जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या कठड्यांचे गोल गज. ही सगळी एकाच कारागिराची प्रजा. मराठीत त्याला कातारी म्हणत. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात हा शब्द आहे. पुढे अरबी-फारसीतून आलेला खरादी हा शब्दही रुळला. आज कातारी म्हटलं तर दहापैकी नऊ जणांना अर्थ विचारावा लागेल, पण त्याच्या कामाची पावती आपण रोज देत असतो. कातीव चेहरा, कातीव बांधा, एखाद्या लेखकाची कातीव वाक्यं! कातारी विसरला गेला आणि त्याचं विशेषण तेवढं राहिलं.

सूतही कातायचं आणि लाकूडही कातायचं, अशी दोन्हीकडे आपण एकच क्रिया वापरतो. संस्कृतात ‘कृत्’ या एकाच रूपाचे दोन धातू आहेत. एकाचा अर्थ कापणं, दुसऱ्याचा सूत कातणं. कातारी हे दोन्ही एकदम करतो. लाकूड चातीसारखं गरगर फिरवतो आणि फिरतं असतानाच ते कापतो.

एरवी सुतार काय करतो? लाकूड स्थिर ठेवतो आणि हत्यार हलवतो. कातारी याच्या उलट करतो. त्याची पटाशी जागच्या जागी असते आणि लाकूड तिच्याकडे येतं. आता हे लाकूड फिरवायचं कुणी, हाच या सगळ्या इतिहासातला मुख्य प्रश्न आहे. मला तर वाटतं, कातकामाचा इतिहास म्हणजे दोरी कुणी ओढली याचाच इतिहास.

जुना देशी खराद अगदी साधा. जमिनीत किंवा पाटावर रोवलेले दोन खुंट. दोन्ही खुंटांना समोरासमोर लोखंडी टोकं. त्या टोकांमध्ये लाकडाचा तुकडा अडकवायचा आणि त्याला दोरीचे एक-दोन वेढे द्यायचे. कातारी जमिनीवर बसतो, पटाशी हातांनी धरतो आणि पायाच्या बोटांनी तिला आधार देतो. समोर दुसरं माणूस बसतं. ते दोरीची दोन टोकं धरून आळीपाळीने ओढतं, ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी. लाकूड एकदा इकडे फिरतं, एकदा तिकडे. कातारीच्या दिशेने येतं तेव्हा पटाशी कापते, उलटं जातं तेव्हा ती किंचित मागे घ्यावी लागते. म्हणजे अर्धा वेळ काम आणि अर्धा वेळ उसंत. काम लहान असेल तर कातारी एका हाताने धनुकली ओढतो आणि दुसऱ्या हाताने व पायाने पटाशी सांभाळतो. जाड लाकूड असेल तर मात्र दुसरं माणूस हवंच.

हे दुसरं माणूस किती जुनं असावं? इजिप्तमध्ये तूना अल-गेबेल इथे पेटोसिरिस नावाच्या धर्माधिकाऱ्याची कबर आहे, साधारण ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमाराची. तिच्या भिंतीवर खरादाचं चित्र कोरलं आहे. जगातलं हे खरादाचं सगळ्यांत जुनं ठाऊक असलेलं चित्र मानतात. त्यात दोन माणसं आहेत. एकाच्या हातात हत्यार आहे आणि दुसरा दोरी ओढतो आहे.

आपल्याकडे असं चित्र नसलं तरी त्याहून मोलाचा एक दाखला आहे. विपश्यनेसाठी इगतपुरीला जाऊन आलेल्यांनी, आणि आपल्याकडच्या असंख्य बौद्ध घरांनी, सतिपट्ठान सुत्ताचं नाव ऐकलेलं असतं. त्यात श्वासाकडे कसं लक्ष द्यावं हे सांगताना बुद्धाने एक उपमा दिली आहे. कुशल कातारी दोरी लांब ओढतो तेव्हा आपण लांब ओढतो आहोत हे त्याला ठाऊक असतं, आखूड ओढतो तेव्हा आखूड ओढतो आहोत हे ठाऊक असतं. भिक्षूनेही आपला श्वास तसाच जाणावा. पालीमध्ये कातारीला भमकार म्हटलं आहे, म्हणजे लाकूड भ्रमवणारा. आणि भमकार एकटा येत नाही. ‘भमकार किंवा त्याचा अंतेवासी’ अशी जोडी येते. अंतेवासी म्हणजे गुरूपाशी राहून शिकणारा चेला. मला या उपमेचं नवल वाटतं ते अशासाठी की, ती वस्तूच्या घाटाची नाही आणि पटाशीच्या धारेचीही नाही. ती दोरी ओढण्याची आहे. ज्या कामाला पुढे कुणी काम म्हणून मोजलं नाही, नेमकं त्यावर बुद्धाचं लक्ष गेलं. उपमा देताना माणूस ऐकणाऱ्याला माहीत असलेलीच गोष्ट निवडतो. म्हणजे त्या काळच्या गावांतून कातारी आणि त्याचा चेला दोरी ओढताना लोकांना नित्य दिसत असले पाहिजेत.

युरोपात या दुसऱ्या माणसाच्या जागी झाडाची फांदी आली. डोक्यावर एक लवचीक वासा, त्याला बांधलेली दोरी लाकडाला वेढा घेऊन खाली पायपट्टीला बांधलेली. पाय दाबला की लाकूड एका दिशेला फिरतं, पाय उचलला की वासा दोरी परत खेचतो. कातारी एकटाच काम करू लागला. इंग्लंडातल्या बकिंगहॅमशरच्या जंगलात खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीर विसाव्या शतकातही या पद्धतीने काम करत होते. पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास लिओनार्दो द विंचीने पायाने चालणाऱ्या, जड चाक लावलेल्या खरादाचं रेखाटन केलं. चाक एकाच दिशेला फिरत राहतं, त्यामुळे तो अर्धा वेळ फुकट जात नाही. १७०१ मध्ये शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच धर्मोपदेशकाने कातकामावर भलंमोठं सचित्र पुस्तक काढलं. तिकडच्या राजेरजवाड्यांना तर या कामाचं वेडच लागलं. रशियाचा पीटर द ग्रेट स्वतः खरादावर बसून हस्तिदंत कातायचा. आन्द्रेई नार्तोव्ह हा त्याचा खरादी पुढे मोठा यंत्रतज्ज्ञ म्हणून नावारूपाला आला. आपल्याकडे राजांनी कारागिरांना आश्रय दिला. पण खरादाशी मांडी घालून बसलेला राजा काही मला आपल्या इतिहासात भेटलेला नाही.

१८०० च्या सुमाराला हेन्री मॉड्सली याने लंडनमध्ये अचूक आटे पाडणारा लोखंडी लेथ उभा केला. यंत्रं घडवणारं यंत्र मिळालं आणि कारखान्यांचं युग सुरू झालं. तो धागा आपल्यापर्यंतही येतो. किर्लोस्करांनी १९४१ मध्ये हरिहरला काढलेल्या कारखान्यातले लेथ देशभरच्या वर्कशॉपमध्ये होते, आणि आयटीआयमध्ये ‘टर्नर’चा कोर्स करणारी हजारो मराठी मुलं नकळत कातारीचीच विद्या शिकत आली. पण लोखंडाची ती कथा वेगळी. आपण लाकडाकडे परत येऊ, कारण भारतीय कातारीने खरादावर एक अशी गोष्ट साधली जी युरोपातल्या त्याच्या भाऊबंदांना फारशी माहीत नव्हती. त्याने वस्तू खरादावरून न उतरवताच रंगवली.

हा रंग लाखेचा. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर राहणाऱ्या एका बारीक किड्याचा स्राव. महाभारतातलं लाक्षागृह याच लाखेचं, आणि इंग्रजीतला ‘लॅकर’ हा शब्दही लाक्षेपासूनच पोचलेला. चीन-जपानचं प्रसिद्ध रोगण मात्र लाखेचं नव्हे, ते झाडाच्या चिकापासून होतं. आपल्या महाराष्ट्रात गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर लाख होते. तिच्या अभ्यासासाठी १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुमला खास संशोधन संस्था निघाली. रेडिओवर बोलतोच आहोत तर एक सांगण्यासारखं आहे. आपण ज्या जुन्या तबकड्यांवरची गाणी आवडीने ऐकतो, त्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या मुख्यत्वे याच लाखेच्या मिश्रणाच्या असत. लाखेचं आणि गरगर फिरण्याचं नातं असं दूरवर गेलेलं आहे.

लाख उकळत्या पाण्यापेक्षा बऱ्याच कमी उष्णतेला मऊ होते. लाकूड वेगाने फिरत असताना रंग मिसळलेली लाखेची कांडी त्यावर दाबून धरली की घर्षणानेच ती वितळते आणि लाकडावर पसरते. ब्रश नाही, तेल नाही, वाळायची वाट बघणं नाही. मग केवड्याचं सुकं पान फिरत्या लाकडावर दाबायचं. लाख सारखी होते आणि तिला झळाळी येते. बोटाने चाचपली तर लाकूड कुठे संपलं आणि रंग कुठे सुरू झाला हे कळत नाही. पिवळ्यावर लाल आणि लालवर काळा असे थर चढवून, मग टोकदार हत्याराने हव्या तेवढ्या खोलीवर ओरखडत खालचा रंग वर आणायचा, अशीही एक तऱ्हा आहे. १९०२-०३ मध्ये दिल्लीला कलावस्तूंचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यावर जॉर्ज वॉट याने लिहिलेल्या जाडजूड ग्रंथात लाखकामाच्या अशा तऱ्हांची दखल आहे. तऱ्हा नोंदल्या गेल्या, पण त्या करणाऱ्या हातांची नावं शोधणं कठीण.

प्रत्येक प्रांताचं लाकूड वेगळं आणि युक्ती वेगळी. कर्नाटकात चन्नपट्टणला पांढऱ्या, गुळगुळीत काळ्या कुड्याची खेळणी होतात. तिथली परंपरा टिपू सुलतानाचं नाव घेते. गुजरातेत संखेड्याचे खरादी सागवानाचे झोपाळे आणि खुर्च्या करतात. बडोद्याच्या कितीतरी मराठी घरांत असे झोपाळे झुलले. त्यांवरचा सोनेरी रंग बघून सोन्याचा मुलामा वाटतो, पण तो असतो कथलाचा. कथलाची बारीक पूड सरसात कालवून तिची नक्षी काढायची, अकीकाने घोटायची आणि वर पिवळसर लाख चढवायची. आत रुपेरी आणि बाहेर सोनेरी.

आणि आपली सावंतवाडी. मोती तलाव, राजवाडा आणि चितारआळी. सावंत-भोसल्यांच्या या संस्थानात अठराव्या शतकात, विशेषतः तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीत (१७५५ ते १८०३), कलांना आश्रय मिळाला. गंजिफा इथली प्रसिद्ध. दशावताराचे दहा रंग, प्रत्येकी बारा, मिळून १२० गोल पानं. हा खेळ मावळत चालला होता, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यातच कारागीर बसवून तो पुन्हा जिवंत केला, आणि त्या दोघांनी स्वतः ती कला हातात घेतली. सत्त्वशीलादेवींचं २०१८ मध्ये निधन झालं. त्यांचं हे ऋण कुणीही नाकारणार नाही. पण एक बारीकशी गोष्ट माझ्या मनात राहून राहून येते. गौरव झाला तो रंगाचा. आळीचं नावही चितारआळी, म्हणजे चित्रावरूनच. रंगाखाली लाकूड असतं, आणि त्याला कुणीतरी आधी आकार दिलेला असतो.

सावंतवाडीची लाकडी फळं तुम्ही पाहिली असतील. आंबा, केळं, सीताफळ, चिकू, काजूचं बोंड. आमच्या घरी आईच्या रुखवतातली परडी होती. पाहुण्यांच्या एका मुलाने त्यातल्या चिकूला कडकडून चावा घेतला होता. त्याच्या दातांचे दोन व्रण चिकूवर कायमचे राहिले, आणि त्या व्रणांतून आतलं फिकट लाकूड दिसायचं. ते पांगाऱ्याचं. फाल्गुनाच्या आसपास निष्पर्ण फांद्यांवर लालभडक फुलं मिरवणारा आणि कोकणातल्या कुळागरांत मिरीचे वेल अंगावर खेळवणारा पांगारा. त्याचं लाकूड इतकं हलकं की इमारतीला उपयोग शून्य. पण कातायला मऊ आणि रंग धरायला उत्तम. लाकूड निवडणं, ते सावलीत सुकू देणं, केव्हा कातायला घ्यायचं ते ओळखणं, ही निम्मी विद्या खरादावर बसण्याआधीचीच. ओलं कातलं की महिन्याभरात आंब्याला चीर पडते. अलीकडे पांगाऱ्यावरही संकट आलं. पानांवर नि देठांवर गाठी आणणारी एक अगदी चिमुकली गांधीलमाशी २००५ मध्ये केरळात आढळली, आणि दक्षिणेतल्या पांगाऱ्यांना तिने जेरीला आणलं. कारागिरी टिकवायच्या चर्चेत झाडांचा विषय निघताना मी क्वचितच ऐकते.

या चिकूच्या निमित्ताने मी २००६ च्या उन्हाळ्यात सावंतवाडीला एका कातणाऱ्याच्या घरी गेले. तो चिकू बरोबर नेला होता. काकांनी तो दोन बोटांत धरून नुसता फिरवला आणि म्हणाले, “हो जुन्या खरादावरचो. मोटारीवरचो न्हय.” मी विचारलं, “कसं ओळखलंत, काका?” ते म्हणाले, “हात लावन बघ, बाय. डोळ्याक दिसणा नाय ता बोटाक कळता.” मी हात लावला. मला काही कळलं नाही. मग त्यांनी माझं बोट धरून देठाजवळ फिरवलं. तिथे अगदी अस्पष्ट अशी कडी होती. उलट्या फेऱ्याला पटाशी मागे घेतली की पुन्हा टेकताना अशी कडी राहते, असं त्यांनी सांगितलं.

त्यांच्याकडे विजेची मोटार साधारण पंचवीस वर्षांपूर्वी आली होती. काम चौपट झालं, असं ते म्हणाले, आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता. मोटार वाईट, जुनं ते सोनं, असलं काही त्यांना म्हणायचं नव्हतं. दिवसभर दोरी ओढून खांदे कसे भरून येतात हे ज्याने बघितलंय तो असं बोलणार नाही. मी विचारलं, त्याआधी दोरी कोण ओढायचं? त्यांनी आतल्या दाराकडे हनुवटीने खूण केली. काकी तिथे बसून लाकडी केळ्यांवर तपकिरी ठिपके देत होत्या.

लग्न होऊन आल्यापासून मोटार येईपर्यंत दोरी त्याच ओढत होत्या. त्याआधी सासूबाई ओढायच्या. मी वहीत कारागीर म्हणून काकांचं नाव लिहिलं होतं. कारागीर किती, असं विचारल्यावर त्यांनी स्वतः ‘एक’ असंच सांगितलं होतं, आणि मलाही ते खटकलं नव्हतं. सरकारी फॉर्मवर आणि प्रदर्शनातल्या पाटीवर तरी आजवर निराळं काय लिहिलं गेलं?

तेवढ्यात वीज गेली. ते दिवस भारनियमनाचे होते, चार-चार, सहा-सहा तास. मोटार घरघरत थांबली. काकांना काय वाटलं कोण जाणे, ते उठले, माळ्यावरून जुना खराद काढला, धूळ झटकली, खुंटांच्या टोकांना तेलाचं बोट लावलं आणि पांगाऱ्याचा एक ठोकळा अडकवला. “येतंस गो?” त्यांनी हाक मारली.

काकींनी ब्रश पाण्यात टाकला, हात पदराला पुसले आणि समोर येऊन बसल्या. दोरीचे वेढे त्यांनीच दिले. पहिले दोन-चार फेरे अडखळले. मग लय लागली. लांब ओढ, आखूड ओढ. आकार जाड होता तेव्हा लांब आणि देठाकडे नाजूक काम आलं तेव्हा आखूड. काकांनी एकदाही तोंडाने सांगितलं नाही. ते पटाशीकडे बघत होते आणि काकी लाकडाकडे. पांगाऱ्याची पांढरी सालपटं दोघांच्या मधे पडत होती.

“इतक्या वर्षांनी जमतं कसं, काकी?” मी विचारलं.

“हात काय इसारणत नाय,” त्या म्हणाल्या.

वीसेक मिनिटांत चिकू झाला. रंग नसलेला, पांढराफेक. काकांनी तो माझ्या हातात दिला. मी वही उघडली, मघाच्या ओळीत एकाचे दोन केले आणि काकींना त्यांचं नाव विचारलं. त्या हसल्या, सांगायला लाजल्या, शेवटी काकांनीच सांगितलं. तेवढ्यात मोटारीची घरघर परत सुरू झाली.

“लायट इली,” काकी म्हणाल्या, आणि दोरी गुंडाळून आत केळ्यांकडे गेल्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)